चार गाड्या ज्वारी

पत्रावरची तारीख २० एप्रिल १८७७ आणि ठिकाण ओतूर, तालुका जुन्नर. लिहिणाऱ्या सावित्रीबाई फुले तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. जोतिराव साताऱ्याकडे होते, त्यांना हे पत्र गेलं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये छापलं, त्यात ते वाचायला मिळतं. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं त्यात आहेत. एक १८५६ चं, एक १८६८ चं, दोन्ही माहेरच्या नायगावहून लिहिलेली. तिसरं हे, आमच्या तालुक्यातून गेलेलं.

मी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवलं. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती साजरी करायची, मुलींनी नऊवारी नेसायची, कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायचं आणि भाषणं करायची, हे वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर झालं. भाषणात भिडेवाडा येतो, १८४८ साल येतं, अंगावर पडलेलं शेण आणि पिशवीतलं दुसरं लुगडं येतं. ते यायलाच हवं. पण ज्या ओतूरच्या बाजारात या मुलींचे वडील कांदा घेऊन जातात, त्याच ओतुरात ही बाई दुष्काळात येऊन राहिली होती, हे एकाही भाषणात मी ऐकलं नाही. फोटोला हार घातला जातो आणि पत्र कपाटातच राहतं. म्हणून हा लेख लिहायला बसले. त्या पत्रात धर्माचा एक मोठा प्रश्न आहे, आणि तो आमच्याच मातीत विचारला गेला आहे.

आधी पत्रात काय आहे ते सांगते. १८७६ साल सरलं तरी दुष्काळ हटलेला नाही. माणसं मरत आहेत, जनावरं चालता चालता कोसळत आहेत, वैरण नाही, नद्या-ओढे आटलेत, झाडांना पान उरलेलं नाही. लोक गावं सोडून चालले आहेत आणि काहींनी पोटची मुलं विकायला काढली आहेत. आज मढ-ओतूरकडे एसटीने जाताना दोन्ही बाजूंना ऊस, डाळिंब आणि कांद्याच्या चाळी दिसतात, पिंपळगाव जोग्याचं धरण भरलेलं असतं. या हिरव्या रानात कधीकाळी विषारी फळं खाऊन माणसं दगावली, हे डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडतात. पण पत्र लिहिणारी तिथे उभी होती.

मग ती कामाचं सांगते. सत्यशोधकांनी समित्या केल्या आहेत, धान्य पोहोचवायला माणसं नेमली आहेत. कोंडाज भाऊ आणि त्यांची पत्नी उमाबाई तिची काळजी घेताहेत. ओतूरची काही मंडळी, त्यांत डुंबरे पाटीलही, जोतिरावांना भेटायला निघणार आहेत, तेव्हा जोतिरावांनी साताऱ्याहून आधी ओतूरला यावं आणि मग नगरला जावं, असं ती सुचवते. कृष्णाजीपंत आणि लक्ष्मणशास्त्री तिच्याबरोबर दुष्काळी गावांत हिंडले आणि लोकांना पैशाची मदत करून आले, हेही तिने लिहिलं आहे. सावकार या संधीचा फायदा घेत आहेत. त्यातून दंगे उसळले, कलेक्टर आला, गोरे पोलीस आले आणि पन्नास सत्यशोधकांना धरून नेलं. कलेक्टरने तिला बोलावलं. ती गेली आणि तिने त्याला तोंडावर विचारलं की चांगलं काम करणाऱ्यांवर हे कुभांड का रचलं. कलेक्टरने ऐकून घेतलं, पोलिसांना खडसावलं, माणसं सोडली आणि चार बैलगाड्या ज्वारी पाठवून दिली.

पत्राच्या शेवटी ती जोतिरावांना सांगते की तुम्ही हाती घेतलेल्या कामात मीही माझा वाटा उचलेन, आणि या कामाला ती देवाचं काम म्हणते.

मी अडले ती इथे. नवस, उपास, अभिषेक, होम यांतलं काहीही या पत्रात नाही. समित्या, पोलीस, कलेक्टर आणि ज्वारी एवढंच आहे. मग यात देव कुठून आला? नुसतं समाजाचं काम म्हणून भागलं नसतं का?

माझ्या आजीला दुष्काळाचं कारण पक्कं माहीत होतं. पृथ्वीवर पाप वाढलं की पाऊस पाठ फिरवतो. तो परत यावा म्हणून ती उपास धरायची. घरात आधीच दाणा नाही, आणि त्याच घरातल्या बाईने देवासाठी उपाशी राहायचं, याचं मला लहानपणीही फार वाईट वाटे. आजीला मी दोष देत नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच ती पुढे सांगत होती. पण या सांगण्यात एक अन्याय आहे आणि तो ओळखायला हवा. दुष्काळ हा पापाचा दंड असेल, तर मरणाराच पापी ठरतो. सावकाराच्या कोठारात धान्य आहे, म्हणजे तो पुण्यवान ठरतो. उपाशी माणसाकडून आधी भाकरी गेली, आणि वर त्याचं निर्दोषपणही काढून घेतलं गेलं.

सावित्रीबाईंच्या पत्रात पाप हे कारण म्हणून कुठेच येत नाही. पाऊस पडला नाही ही एक गोष्ट आणि पाऊस न पडल्याचा कोणी फायदा उठवला ही दुसरी. पहिलीचा जाब कोणाला विचारायचा यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. दुसरीचा जाब पत्रात सरळ विचारलेला आहे. त्याच वर्षाच्या आरंभी सरकारने दुष्काळासाठी धाडलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली होती, आणि आपल्या इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले होते. पुण्याची सार्वजनिक सभा त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज करत होती. उपासमार माणसांच्या हिशेबातूनही वाढत होती, हे तेव्हा ज्याने डोळे उघडे ठेवले त्याला दिसत होतं.

जोतिरावांनी देवाला निर्मीक म्हटलं. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला. निर्मिकाला सगळी माणसं सारखी, आणि त्याच्यापर्यंत जायला मध्ये कोणी लागत नाही, ही त्या समाजाची मुळातली धारणा. जोतिरावांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालं, त्यात हा विचार सविस्तर आहे. असा निर्मीक एका गावावर रागावून पाऊस रोखून धरत नाही. त्याने सगळ्यांना पुरेल इतकं दिलं आहे, अडवणूक होते ती खाली, माणसांच्या पातळीवर. हे एकदा मान्य केलं की देवाची मर्जी राखणं म्हणजे ती अडवणूक दूर करणं. चार गाड्या ज्वारी ओतुरात पोहोचणं हे म्हणूनच धर्मकृत्य होतं. सावित्रीबाईंनी देवाचं नाव शोभेसाठी घेतलेलं नाही, असं माझं मत आहे. कलेक्टर उद्या बदलून जाईल, त्याची कृपाही जाईल. भुकेल्याचा हक्क कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही हे सांगायला तिला कलेक्टरच्या वरचं कोणीतरी लागत होतं.

ओतूर आणि पुरोहित यांचं भांडण पुढे कोर्टात गेलं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं आणि गावजोशांनी आपला दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. बोलावलं नाही तरी पैसे द्या, असा तो दावा. आजच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

पण मला या विचारात एक अडचण दिसते आणि ती लपवून पुढे जाणं बरं नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी नको, असं सत्यशोधक म्हणतात. मग या पत्रात सावित्रीबाई स्वतः काय करताहेत? त्या मध्येच तर उभ्या आहेत. कोठडीतले पन्नास जण एका बाजूला, कलेक्टर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही बाई. उपाशी गावं इकडे, धान्य तिकडे, आणि मध्ये तिच्या समित्या. मध्यस्थ नाकारणाऱ्या धर्माची बाई आयुष्यभर मध्यस्थीच करत राहिली. विटाळ मानणाऱ्या गावात अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत आणणं, विधवेला बाळंतपणासाठी घरात घेणं, हीही मध्यस्थीच.

यावर बराच विचार करून मला जे पटलं ते असं. निर्मीक सगळीकडे आहे आणि तो सगळ्यांचं ऐकतो, म्हणून त्याच्यापाशी वकील लागत नाही. पण माणसं सगळ्यांचं ऐकत नाहीत. ओतूरच्या उपाशी माणसाचं बोलणं कलेक्टरच्या कानापर्यंत पोहोचत नव्हतं. तिथे कोणीतरी उभं राहावंच लागतं. देवापाशी जो माणूस मधला म्हणून उभा राहतो तो गरज नसलेल्या जागी उभा असतो, आणि जिथे खरी गरज आहे ती जागा रिकामीच राहते. सत्यशोधकांनी धर्म मोडला असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्यांनी माणसाला एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी उभं केलं. त्या दुसऱ्या जागी दक्षिणा मिळत नाही. तिथे पोलीस धरून नेतात.

पत्रातली दुसरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मदत करणाऱ्यांत एक पंत आणि एक शास्त्री आहेत हे तिने नमूद केलं. गोरा कलेक्टर न्यायाने वागला हेही लिहिलं. जिच्या अंगावर शास्त्रीपंडितांच्या गल्लीत शेण पडलं, तिला हे गाळता आलं असतं. नवऱ्याला लिहिलेलं खाजगी पत्र होतं, कोण विचारणार होतं? पण संबोधनातच ती जोतिरावांना सत्याचं रूप म्हणते, आणि मग खाली जे घडलं ते तसंच लिहिते, आपल्या बाजूला सोयीचं असो की नसो. सत्य हाच धर्म म्हटल्यावर जे पाहिलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवणं हीच उपासना होते. पुरावा नीट ठेवणं हा त्या धर्माचा नित्यनेम आहे. मला हे पत्र भक्तिग्रंथासारखं वाटतं ते यासाठी.

आमच्या तालुक्यात स्त्रीच्या नावाचा याहून कितीतरी जुना लेख आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. अश्वमेध आणि इतर यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली याची त्यात लांबच लांब यादी आहे. घाटघरच्या बाजूने मुलांना घेऊन गेलं की मी त्यांना तो लेख आवर्जून दाखवायची, कारण एका बाईचा एवढा मोठा लेख दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाही. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या सात खोल्यांच्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचं कोरलेलं आहे. परक्या मुलखातला माणूस इथे आला आणि त्याने जेवायची जागा बांधून दिली, हे वाचून मन भरून येतं. पण दगडात कोरतात ते दान. देणाऱ्याचं नाव राहतं, घेणाऱ्याची भूक राहत नाही. ओतूरचं पत्र भुकेच्या बाजूने लिहिलेलं आहे.

ओतुरात मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे आणि तिथेच बाबाजी चैतन्यांची समाधी. ज्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला ते हे चैतन्य. श्रावणात सोमवारी देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, सुटे दाणे एकावर एक, पाणी नाही की चिकटवायला काही नाही. ते कसब बघण्यासारखं असतं आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. माझे वडील माळकरी होते, त्यांचं बोट धरून मी त्या गर्दीत गेले आहे. पण ज्या गावात दाणा देवापुढे इतक्या नाजूकपणे रचला जातो, त्याच गावात १८७७ मध्ये दाणा माणसापुढे ठेवण्यासाठी माणसं तुरुंगात गेली, हे त्या गर्दीला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुकोबाही दुष्काळातूनच गेले. १६३० च्या आसपासच्या त्या दुष्काळात घरची माणसं गेली, धंदा बुडाला. परंपरा सांगते की घराण्याची सावकारी होती, कर्जाची खतं होती. भावाचा वाटा भावाला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवल्या गेल्या, आणि त्या वर आल्या. एकाच नदीत दोन प्रकारचे कागद. एक बुडाला तेव्हा लोक सुटले, दुसरा बुडाला तेव्हा लोकांनी तो वर काढला. वह्या पाण्यावर तरंगल्या की लोकांच्या तोंडून परत आल्या, यावर माझा वाद नाही. कोणता कागद जपायचा आणि कोणता बुडवायचा, हा प्रश्न मात्र तुकोबांनी धर्माचाच प्रश्न करून ठेवला.

तोच प्रश्न १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी विचारला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव सावकारांकडून कर्जरोखे काढून घेऊन त्यांच्या होळ्या केल्या गेल्या. ओतूरच्या पत्राच्या आधी जेमतेम दोन वर्षं. इतिहासाच्या अभ्यासकाला प्रत्येक जुना कागद मोलाचा असतो, पण ज्याच्या बापाचा अंगठा त्या रोख्यावर होता त्याला तो जाळावासा वाटला यात नवल नाही. गरिबाच्या घरचं दप्तर बहुधा दुसऱ्याने लिहिलेलं असतं. खाली फक्त शाईचा अंगठा त्याचा. सावित्रीबाईंनी पाटी-पेन्सिल हातात दिली ती हे दप्तर बदलायला.

या बदलाचा पुरावा मी हातात घेतलेला आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. स्वातंत्र्यापूर्वीचं रजिस्टर उघडलं की कडा भुग्यासारख्या बोटांना लागतात, वाळवीने पानांतून नागमोडी वाट काढलेली असते, पण शाई अजून काळी असते. बोरूचं वळणदार अक्षर, कुठे मोडी, कुठे बाळबोध. भीमाशंकरकडच्या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुलं. शाळा सोडल्याच्या कारणात पुन्हा पुन्हा ‘गैरहजर’. त्याचा अर्थ मला नोकरीत समजला. हिरड्याच्या दिवसांत घरातली सगळीच माणसं हिरडा वेचायला रानात जातात, मूल शाळेत येणार कसं? मुलींची नावं पानामागून पान उलटलं तरी क्वचितच दिसतात.

आज त्या नोंदीसाठी नातवंडं दारात येतात. आदिवासींच्या जात पडताळणीला १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा दोन वर्षं का होईना शाळेत गेले होते आणि मास्तरांनी जातीच्या रकान्यात नीट लिहिलं होतं, एवढ्यावर नातीची इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची जागा टिकते. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव बोलावणी येऊ लागली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की शाळेच्या कपाटात काय पडलेलं आहे. मी एका शाळेत जुनी रजिस्टरं गळक्या खोलीत फरशीवर पडलेली पाहिली आहेत, वर खडूचे खोके. पानं एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता. त्या गठ्ठ्यात कोणाच्या तरी नातवाचा हक्क होता. धरणाखाली गेलेल्या गावांचं दुःख तर वेगळंच. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. अशा गावांतल्या माणसांना आपण कुठले हे सांगायला कागदाशिवाय दुसरा आधार राहत नाही.

जोतिरावांना ही गोष्ट जगाच्या पातळीवर दिसत होती. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. त्या देशातल्या एका शिक्षिकेबद्दल वाचलं तेव्हा मला ती आमच्यातलीच वाटली. सेप्टिमा क्लार्क, जन्म १८९८, दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन. तिथल्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षिकांना घेत नसत, म्हणून १९१६ मध्ये ती जवळच्या जॉन्स बेटावर शिकवायला गेली. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचं सभासद राहायचं नाही. तिने सभासदत्व लपवलं नाही. नोकरी गेली, पेन्शन गेली. पुढच्याच वर्षी जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची शाळा सुरू झाली आणि तिथे शिकवायला बसली बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशभूषा करणारी. सही करणं, फॉर्म भरणं, मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवणं, हे तिथे शिकवत. अंगठ्यापासून सहीपर्यंतची तीच वाट.

सेप्टिमा क्लार्क यांचे कागद आज चार्ल्सटनच्या एव्हरी संशोधन केंद्रात आहेत. हे केंद्र ज्या एव्हरी संस्थेच्या जागेत उभं आहे ती १८६५ मध्ये, गुलामगिरी संपली त्याच वर्षी, कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेली शाळा. सेप्टिमा तिथेच शिकली होती. जी शाळा होती तीच तिच्या कागदांचं घर झाली. आणखी एक गोष्ट सांगते. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ड्यू बॉइस यांच्या दप्तरात आहे. आमच्या माणसाचा कागद तिकडच्या एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाने सांभाळला. पत्र टिकतं ते ज्याला आलं त्याच्या जपण्यामुळे. ओतूरचं पत्र टिकलं याचा अर्थ दुष्काळाच्या धामधुमीतही ते हातावेगळं करून फेकून दिलं गेलं नाही. मे १८७७ मध्ये जोतिराव धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी मदतीचं आवाहन करत होते, तिथे दुष्काळातल्या मुलांना जेवू घालायचं होतं. अशा गर्दीत बायकोचं पत्र कोण ठेवतं? ठेवलं गेलं, म्हणून आज ओतूरची ज्वारी आपल्याला माहीत आहे.

गावातल्या एका कीर्तनकार बुवांशी माझं यावर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, बाई, तुम्ही म्हणता ते सेवाकार्य आहे, चांगलं आहे, पण भक्ती वेगळी. भक्तीत देव हवा. मी म्हटलं, बुवा, आपल्याकडे पोथी नुसती लाल फडक्यात बांधून ठेवत नाहीत, तिचं पारायण करतात. माझे वडील गाथा वाचायचे तेव्हा अडलेल्या शब्दाला थांबायचे, शेजाऱ्याला विचारायचे, मग पुढे जायचे. तीच आमची पूजा होती. या पत्राचं तसंच एकदा वाचन करा आणि मग त्यात देव आहे की नाही ते सांगा. त्यांनी पत्राची झेरॉक्स नेली. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, तो शास्त्री तिच्याबरोबर हिंडला, हे मला ठाऊक नव्हतं. आमचा मतभेद मिटलेला नाही. ते अजून भक्ती आणि सेवा यांत फरक करतात, मी करत नाही. पण आता आम्ही एकाच पानावरून भांडतो.

दोन्ही तालुक्यांतल्या माझ्या शिक्षक भावाबहिणींना आणि जुन्या घरांना माझी विनंती आहे. २० एप्रिलला शाळा बहुधा सुरू असते. त्या दिवशी सातवीच्या वर्गात हे पत्र पूर्ण वाचा, मुलांना नकाशावर ओतूर, सातारा आणि नगर दाखवा. शाळेतली जुनी रजिस्टरं जमिनीवरून उचलून लोखंडी कपाटात ठेवा, पावसाळ्याआधी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून केंद्रप्रमुखांकडे एक प्रत द्या. आणि ओतूर, उदापूर, डिंगोरे भागात ज्यांच्या घरी पणजोबांच्या काळचं सत्यशोधकांचं काही असेल, पावती, पत्रिका, लग्नाची यादी, काहीही, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवावं. मला मोडी येते, माझ्याकडे घेऊन आलात तरी चालेल.